नववा कागद

ज्योतिबानं टेबलाचा खालचा खण ओढला, आत हात घालून काहीतरी चाचपलं आणि कोंब आलेला एक कांदा टेबलावर ठेवला. कांदा उभा राहिना. कुशीवर कलंडला आणि तसाच पडून राहिला. वर वीतभर हिरवा कोंब, खणाच्या फटीतून जिकडून उजेड येत असेल तिकडं वळलेला, आणि खाली कांद्याची एक बाजू आत बसलेली. ऑफिसात जेवणाची सुट्टी होती. समोर अभिनंदन मगदूम डबा उघडत होता. त्याचं लक्ष कांद्याकडं गेलं आणि डब्याचं झाकण हातातच राहिलं.

"बगा की मगदूम," ज्योतिबा म्हणाला, "तुमास्नी दिलता त्याच्या जोडीचाच ह्यो. दोन आणलतो. एक तुमी नेला, एक ऱ्हायलाच हितं." त्यानं कांद्याला अंगठा लावला, तर अंगठा आत गेला. "पोकळ झाला. कोंबानं आतलं सगळं वडून घेतलं."

"अशी बाजू बसते व्हय त्याची?"

"मग? कोंब येतोय तो कशावर येतोय? ना माती, ना पाणी. सोताच्याच अंगावर येतोय की."

अभिनंदननं दोन घास खाल्ले आणि डबा झाकला. ज्योतिबा आपल्या भाकरीत गुंतला होता. जांबोटीच्या बाजूचा माणूस, बस मिळेल न मिळेल म्हणून उजाडायच्या आत घर सोडणारा. दुपारच्या डब्यावर त्याचं सगळं लक्ष असे. कोंबाचा कांदा त्यानं 'लावू कुठंतरी' म्हणून खिडकीत ठेवून दिला आणि त्याच्यापुरता विषय संपला. अभिनंदनचा सुरू झाला. कारण ही बसलेली बाजू त्यानं याआधी एकदा बघितली होती. गेल्याच्या गेल्या रविवारी, आपल्या मुलीच्या, दिव्याच्या, नवव्या कागदावर. ती चूक आहे असं समजून त्यानं ती रबरानं पुसली होती आणि तिथं स्वच्छ गोल रेघ मारली होती.

चूक दिसली की पुसायची, ही त्याची अठ्ठावीस वर्षांची सवय. टिळकवाडीतल्या या ऑफिसात तो घरांचे आराखडे काढत आला होता. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. साहेब कच्चं रेखाटन देत, कुठं जिना भिंतीत घुसलेला असे, कुठं दार उघडलं की कपाटाला आपटणार असे. अभिनंदन ते न बोलता सरळ करी. आराखड्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत साहेबांचं नाव मोठं येई आणि खाली मुंगीएवढं 'अ. म.' एवढंच याचं. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. आपली रेघ सरळ आहे, एकदा मारली की पुन्हा तिला हात लावावा लागत नाही, याचा त्याला मनातल्या मनात बराच गर्व होता, आणि गर्व करण्यासारखं त्याच्यापाशी दुसरं फारसं काही नव्हतं हेही खरं. पण घराच्या आराखड्यात जे अजून नाही ते काढायचं असतं. दिव्यानं जे समोर होतं ते काढलं होतं. हा फरक पन्नाशीतल्या माणसाला कांद्यावरून कळावा आणि तोही उद्या सकाळी तिच्या चित्रकलेच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी कोल्हापूरला निघायचं असताना, म्हणजे कमालच होती.

दिव्याच्या क्लासच्या सरांनी हे काम दिलेलं. पोर्टफोलिओत नुसते लोटे, बाटल्या आणि चुण्या पाडलेलं कापड नको. एकच वस्तू घ्या, एकाच जागी ठेवा, एक दिवसाआड बघा आणि जे दिसेल ते काढा, बारा कागद. बाकीच्या पोरींनी जास्वंद घेतली, कुणी पाव घेतला. दिव्यानं कांदा घेतला. का, तर तो घरात कधी आलाच नव्हता म्हणून. मगदुमांच्या जैन घरात कांदा, लसूण, बटाटा, मुळा, जमिनीखाली वाढणारं काहीच येत नसे. निपाणीजवळच्या गावात नव्हतं आलं, आणि आता पिरनवाडीत घर बांधलं तरी नव्हतं. दिव्यानं आधी आज्जीला विचारलं. अंबुबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "खायाला न्हवं नव्हं?" "न्हाय, बघायला." "मग जिन्यावरच्या खोलीत ठेव. एक पायरी जरी खाली आला तर मी गावाकडं चालले." एवढ्यावर मिटलं. अभिनंदननं ज्योतिबाकडं कांदा मागितला, ज्योतिबाला हसू आवरेना. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं तो आणून दिला आणि अभिनंदननं पुडी डब्याच्या पिशवीत न घालता स्कूटरच्या डिकीत टाकली. वर नेऊन दिव्यापुढं धरली. तिनंच ती उघडली. म्हणजे घरात कांदा महिनाभर राहिला तरी अभिनंदनच्या हाताला कांदा असा लागलाच नाही.

कांदा त्यानं बघितला नव्हता असं कसं म्हणायचं. बाजारात ढीग असत, भज्यांच्या गाड्यावर चकत्या असत. पण बघितला म्हणजे परक्याचं घर रस्त्यानं जाताना दिसतं तसा. आत काय चालतं ते ठाऊक नाही. महिनाभर घरात राहून म्हातारा झालेला कांदा कसा दिसतो, हे ज्या घरात टोपलीभर कांदे असतात तिथल्या लहान पोरालाही माहीत असेल. अभिनंदनला माहीत असायचं कारण नव्हतं. हे त्यानं दुपारभर स्वतःला चार-पाच वेळा सांगून बघितलं. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"शीट आयता, मगदूम?" साहेबांनी दारातून कानडीत विचारलं. झालं का म्हणून. अभिनंदननं 'आयतु' म्हणून मान हलवली. झालं नव्हतं. पडद्यावर एका बंगल्याचा जिना होता आणि जिन्यापाशी त्याला तो रविवार दिसत होता. त्रिशला, म्हणजे त्याची बायको, आणि दिव्या बस्तीत, म्हणजे देवळात, दर्शनाला गेल्या होत्या. आई खाली गहू निवडत होती. टाकीचं पाणी बघायला म्हणून तो वर गेला आणि खोलीत डोकावला. नऊ कागद भिंतीला ओळीनं लावलेले. पहिल्या कागदावरचा कांदा गच्च, सालं करकरीत. पाचव्यापर्यंत तसाच. सहाव्यावर टोकाला हिरवा ठिपका, सातव्या-आठव्यावर कोंब. ते त्याला पटलं, कोंब येतात हे कुणालाही ठाऊक असतं. आणि नवव्यावर हा डावीकडून दबलेला, थकलेला आकार. रेघाही एक सोडून दहा-दहा, चाचपडल्यासारख्या. पोरगी दमली, त्याला वाटलं. कोल्हापूरची माणसं हा कागद बघतील आणि म्हणतील, हिला साधा गोल येत नाही. फळीवर कांदा होता, चार हातांवर. मान वळवली असती तरी दिसला असता. त्यानं मान वळवली नाही. त्यानं पेन्सिल घेतली.

पाऊण तास तो तिथं होता. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. डावी बाजू पुसून फुगवली, एका रेघेत. सावली घोटली, रबराच्या टोकानं चकाकी काढली. शेवटी मागं सरकून बघितलं तर कांदा कसा भरदार, हाताळावा असा. खाली आला तो गुणगुणत. संध्याकाळी जेवताना त्यानं आईला आणि दिव्याला आपल्या चित्रकलेच्या हायर ग्रेड परीक्षेची गोष्ट सांगितली, हसत हसत, जी त्यानं पूर्वी कधी हसत सांगितली नव्हती. दिव्या ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरचे कागद उतरले आणि नाडी बांधलेल्या फोल्डरमध्ये गेले. परीक्षेची भीती असेल, असं तो समजला. पुढचे तीन कागद त्यानं पाहिलेच नाहीत.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी त्यानं कॉम्प्युटर बंद केला. मगदूम दिवस मावळायच्या आत घरात, ही ऑफिसातली जुनी थट्टा. दिवस बुडाल्यावर तो अन्न घेत नसे. वडील जिनाप्पा घेत नसत, म्हणून तो घेत नसे. लग्नाच्या पंगतीतून तो अर्ध्यावर उठून आला होता, तापात उपाशी झोपला होता. "अजून लई ऊन हाय मगदूम, सावकाश जावा," ज्योतिबा म्हणाला. खिडकीतला कांदा उन्हाकडं वळायला लागला होता.

स्कूटरच्या डिकीत डबा होता, पिशवीत कॉलेजचा फॉर्म होता. तिसऱ्या पानावर त्याची सही राहिली होती. आज दुपारी निवांत करू म्हणून त्यानं तो आणला होता. वाक्य त्याला पाठ झालं होतं: सोबतची सर्व चित्रे उमेदवाराने प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवून, इतर कोणाचीही मदत न घेता काढली आहेत. खाली पालकाची सही. सकाळपर्यंत यात त्याला काही खटकलं नव्हतं. बापानं एक रेघ सरळ केली तर ती काय मदत म्हणायची? घरोघरी करतात. पण आता एक रेघ सरळ केली असं म्हणायची सोयच राहिली नव्हती. त्यानं मुलीच्या खऱ्या रेघा पुसून खोटी रेघ मारली होती आणि आता ते खरं आहे म्हणून सही करायची होती. रेल्वे फाटक पडलेलं होतं. उभ्या-उभ्या त्याला संकेश्वर आठवलं.

संकेश्वरला हायरचं केंद्र होतं. सोळा वर्षांचा अभिनंदन गावाहून दोन बसगाड्या बदलून गेला होता, कारखान्याच्या मळीचा वास वर्गात येत होता. मधल्या टेबलावर पितळी लोटा, एक वांगं, दोन कांदे. याची जागा शेवटच्या रांगेत, पण दिसत नव्हतं असं नाही. लोटा त्यानं बघून काढला. घरात तसलाच होता, त्याचं बूड, त्याचा गळा हाताला ठाऊक होता. कांदे मात्र त्यानं गाइडमधून घटवले होते, तसेच काढले. गोल, वर शेंडी, खाली मुळं, बाजूनं चार सारख्या शिरा. समोरच्या कांद्यांकडं त्यानं एकदाही नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर परीक्षेतला कांदा आणि आईचा धाक एकदम डोळ्यांपुढं आले असते, असं काहीसं. निकालात वस्तुचित्राला 'क' पडला. चित्रकलेच्या कॉलेजची गोष्ट घरात काढायला तेवढं एक कारण लागत होतं, तेही गेलं. जिनाप्पा म्हणाले, "रेघा सरळ येत्यात न्हवं? मग आयटीआयला जा, नकाशे काढ." तो गेला. चौतीस वर्षं तो त्या 'क'ला परीक्षकांचा अन्याय समजत आला होता. गेल्याच्या गेल्या रविवारी जी गोष्ट त्यानं हसत सांगितली होती, त्या गोष्टीतही परीक्षकच दोषी होते. फाटक उघडलं. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा त्याला कळलं की तोच कांदा त्यानं दोनदा काढला होता. एकदा स्वतःच्या कागदावर आणि एकदा लेकीच्या.

घरी आई ओट्यावर बसली होती. त्रिशला शाळेच्या कामाला निपाणीला गेली होती, उद्या परस्पर कोल्हापूरला येणार होती. "हातपाय धू, ताट करते," अंबुबाई म्हणाल्या. "आलो," म्हणून तो बूट न काढता जिना चढला. मग अर्ध्यात थांबून बूट काढले आणि पायरीवर ठेवले. आपल्याला भीती वाटते आहे हे त्याला स्पष्ट कळत होतं. पोरीची भीती. एकोणीस वर्षांत ती वाटायची वेळ आली नव्हती.

दिव्या जमिनीवर बसून फोल्डरच्या नाड्या बांधत होती.

"दिव्या, तो नववा कागद," त्यानं उंबऱ्यातूनच सुरुवात केली, "तो मी... तुम्ही बस्तीत गेलता तवा मी त्यात हात घातलता."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

"कवा कळलं?"

"आल्या आल्या. तुम्ही रेघ एकदाच मारता आप्पा. मी धा वेळा चाचपते. ती रेघ माझी न्हवं हे आंधळ्यालाबी कळंल."

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं नाडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "बोलणार होते. लई राग आलता. फाडून तुमच्या ताटात टाकावा वाटलं. तुम्ही खाली जेवायला बसलता आणि आज्जीला संकेश्वरची गोष्ट सांगत होता. हसत होता. मी तुम्हाला तसं कधी बघितलंच नव्हतं." मग तिचा आवाज चढला. "पण माझा दिवस गेला त्यो गेलाच की! कांदा पयल्यांदा त्या दिवशी बसला. आदल्या दिवशीपर्यंत उभा होता. मला ते दिसलं, मी काढलं, सकाळचे तीन तास गेले. आता तो परत बसून दाखवणार हाय का मला?"

अभिनंदन दारातच खाली बसला. चुकलं हा शब्द तोंडात होता, पण तो फार लहान वाटला म्हणून राहिला. तो म्हणाला, "मला वाटलं तुझं चुकलंय. कांदा असा बसतो हे मला म्हाईतच नव्हतं. आज ज्योतिबाच्या खणात बघितला."

"फळीवर होता की. हितंच."

"व्हय. होता."

खालून पत्र्याच्या डब्याचा आवाज आला. त्यानं पिशवीतून फॉर्म काढला आणि तिसरं पान तिच्यापुढं ठेवलं. "ह्याच्यावर सही करायची हाय मला. नववा आत असंल तर करता येत न्हाय. आणि नववा काढला तर अकराच ऱ्हातात."

"बारा लागतात."

"म्हाईत हाय."

दिव्यानं फोल्डर उघडलं. नववा कागद ओढून बाजूला उपडा ठेवला. खाली सगळ्या कागदांवर तिची सही होती, यावर नव्हती हे त्यानं जाता जाता बघितलं. मग दहावा, अकरावा, बारावा त्याला पहिल्यांदा दिसले. कांदा बसत बसत गेला होता. अकराव्यावर कोंबाच्या भारानं कलंडलेला, बाराव्यावर आडवा, सालं सुटून फळीवर पडलेली. ती सालंही तिनं काढली होती, एकेक. ही पोरगी आपल्यापेक्षा चांगली आहे, हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि त्यात आनंद किती आणि कळ किती याचा हिशेब लागेना.

"तेरावा काढते," ती म्हणाली. "नंबर बदलणार न्हाय. मधला विचारला तर सांगीन, एक दिवस वाया गेला म्हणून." तिनं खिडकीकडं बघितलं. "पाऊण तास उजेड हाय. पण ह्यो आता ठरत न्हाय कुठं. ठेवला की लोळतोय. आणि आडवा काढून झालाय." ती फळीपाशी गेली, कांद्याला एका बाजूनं टेकू देऊन बघितला, दुसऱ्या बाजूनं बघितला. मग वळली. "तुम्ही धरा."

"मी?"

"दुसरं कोण हाय हितं?"

तिनं त्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, बाही कोपरापर्यंत वर सारली, तळवा वर करायला लावला आणि त्यावर कांदा ठेवला. अभिनंदननं हात जरा खाली घेतला होता, वजन येईल म्हणून. वजन आलंच नाही. त्या कांद्याला वजनच उरलं नव्हतं. बाहेरची सालं कागदासारखी, आतली जराशी ओली, आणि जिथं बाजू बसली होती तिथं त्याचं बोट आपोआप जाऊन थांबलं, जणू ती जागा बोटासाठीच होती. मुळांचा झुपका तळव्याला टोचत होता. गाइडमध्ये मुळं होती, पण ती टोचतात असं कुठं लिहिलं नव्हतं. वास वर यायला लागला. बाजारातला नव्हे, खमंगही नव्हे. हिरवा, डोळ्यांत जाणारा. आईला हा वास जिन्याखालीसुद्धा कळेल, असं त्याच्या मनात आलं. पण हात त्यानं हलवला नाही.

दिव्यानं कागद चिकटवला. पहिली पाच मिनिटं ती नुसती बघत होती. कांद्याकडं, मग त्याच्या मनगटाकडं, मग अंगठ्याकडं, अठ्ठावीस वर्षं पेन्सिल धरून मधल्या बोटावर पडलेल्या घट्ट्याकडं. इतकं कुणी आपल्या हाताकडं बघितल्याचं त्याला आठवेना. लाज वाटली, मग ती गेली. पेन्सिल चालायला लागली. चाचपडत, एकाच कडेवरून पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी ती मान वर करी, बघे आणि मगच खाली घेई. अभिनंदन मोजत नव्हता, पण त्याच्या लक्षात आलं की ती कागदापेक्षा याच्या हाताकडं जास्त वेळ बघते आहे.

"अभिनंदनऽ," खालून अंबुबाईंची हाक आली. "ताट वाढलंय. दिवस चाललाय."

खिडकीबाहेर पिरनवाडीच्या नव्या घरांच्या टाक्यांवर ऊन पिवळं पडलं होतं. दंडात मुंग्या यायला लागल्या होत्या. दिव्याची पेन्सिल थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं, हाताकडं नव्हे, तोंडाकडं. तिला घराची रीत ठाऊक होती. स्वतः तिनं ती कॉलेजला गेल्यापासून सोडली होती आणि आज्जी न बघितल्यासारखं करत होती, पण आप्पांचं तसं नव्हतं.

"जावा तुम्ही. जेवून या," ती म्हणाली. "येईस्तवर उजेड जाईल, पण बघू कायतरी."

"काढ तू."

"आप्पा—"

"काढ म्हणतोय न्हवं."

पेन्सिल पुन्हा चालायला लागली. ऊन टाक्यांवरून उतरलं, मग भिंतीवर एवढंसं राहिलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर काठी वाजली आणि तिथंच थांबली. वर कांदा होता, अंबुबाई त्यापुढं येणार नव्हत्या.

"बुडाला की रं दिवस! काय करतोयस तिथं?"

"आई, आज मला नको," अभिनंदन म्हणाला. "तू झाकून ठेव."

मग काठी माघारी गेली आणि ताटावर ताट ठेवल्याचा आवाज आला. फॉर्म दाराशी पडला होता, तिसरं पान वर. चित्र झालं की त्यावर सही करायची होती.

"अंगठा हलला," दिव्या म्हणाली. "मघा होता तसाच घ्या."

त्यानं कांद्याकडं बघितलं, अंगठा कुठं होता ते आठवलं आणि परत तिथं नेऊन ठेवला.